सर्जरी नकोशी झालीय की ड्युटीचा तक्ता?

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत)

जिल्ह्याच्या गावी एका ट्रस्टच्या रुग्णालयात काम करणारे ४१ वर्षांचे जनरल सर्जन लिहितात : "आम्ही चौघे सर्जन आहोत. कागदावर दर चौथ्या रात्री कॉल, म्हणजे फोन आला की रुग्णालयात जायचं. प्रत्यक्षात सर्वांत ज्येष्ठ सर रात्री येत नाहीत, म्हणजे दर तिसरी रात्र माझी. मी ऑपरेशन केलेल्या पेशंटबद्दलचे फोन तर कॉल असो-नसो, मलाच येतात. रात्री पर्फोरेशनचं (फुटलेल्या आतड्याचं) ऑपरेशन करून आलो तरी सकाळी नऊची ओपीडी आणि त्यानंतरची ठरलेली ऑपरेशनं चुकत नाहीत. केसचे पैसे मिळतात, कॉलवर थांबण्याचे काही नाही. मागच्या महिन्यात पहाटे घरी येताना स्टिअरिंगवर डोळा लागला आणि गाडी दुभाजकाला घासली. मला काही झालं नाही, पण तेव्हापासून बायको म्हणते, आता पुरे. पुण्यात एका आरोग्यविमा कंपनीत दावे तपासणाऱ्या डॉक्टरची जागा चालून आली आहे. दहा ते सहा, शनिवार-रविवार सुट्टी. मला सर्जरी शिकवलेल्या सरांना फोन केला, तर ते म्हणाले, 'सर्जनने रात्री मोजायच्या नसतात.' फार लाज वाटली. मॅडम, मला सर्जरीच आवडेनाशी झाली आहे का? की मी कमी पडतोय? तीन आठवड्यांत कंपनीला उत्तर द्यायचं आहे."

डॉक्टर,

माझं सगळं कामाचं आयुष्य टेबलाच्या डोक्याच्या बाजूला बसून गेलं. भूलतज्ज्ञाला सर्जन जसा दिसतो तसा तो घरच्यांनाही दिसत नसेल. रात्री अडीचला हात धुऊन आत येताना त्याचा चेहरा कसा असतो, आतडं गुलाबी, म्हणजे जिवंत, दिसल्यावर तो कसा सैलावतो आणि त्याच सकाळी अकराला, चौथ्या हर्नियाच्या वेळी, साध्या चिमट्यावरून सिस्टरवर कसा खेकसतो, हे सगळं मी पाहिलं आहे. म्हणून तुमचं पत्र वाचताना मी तुमच्या निष्कर्षाआधी तपशिलांकडे पाहिलं.

पत्राच्या मधल्या पानावर तुम्ही एका शेतमजूर बाईंबद्दल लिहिलं आहे. पोट फुगलेल्या, लघवी बंद झालेल्या अवस्थेत त्यांना रात्री अकराला आणलं होतं. तुम्ही आतड्याचा पीळ सोडवलात आणि पाचव्या दिवशी त्या वॉर्डात चालत होत्या. तेवढा परिच्छेद तुम्ही एका दमात, काहीही न खोडता लिहिला आहे. चिडचिड सुरू होते ती पुढच्या ओळीपासून: "आणि सकाळी नऊला ओपीडीत साठ पेशंट." सर्जरी आवडेनाशी झालेला माणूस पिळाचं आतडं असं वर्णन करून सांगत नाही. तुमचं पहिलं गृहीतक मला इथेच तपासावंसं वाटतं. तुम्ही थकव्याचा दोष कामाला देताय. पत्रात मात्र थकवा जिथे जिथे दिसतो तिथे काम नसून कामाची मांडणी आहे. बिनकारणाचा फोन, ज्येष्ठांची न बोललेली सवलत, रात्रीनंतरची सकाळ आणि घरी असूनही घरी नसणं.

या शेवटच्या गोष्टीबद्दल आपल्याकडे फारसं कोणी बोलत नाही. कॉल आला नाही तर "रात्र मोकळी गेली" असं आपण म्हणतो. पण त्या रात्री तुम्ही मुलीला सिनेमाला नेऊ शकत नाही, गावाबाहेरच्या लग्नाला जाऊ शकत नाही, फोन उशाशी असल्यामुळे झोपही अर्धीच लागते. अर्ध्या तासात पोहोचायचं बंधन असेल तर तो वेळ कोणाचा, हा प्रश्न युरोपात न्यायालयापर्यंत गेला. स्पेनमधल्या डॉक्टरांच्या खटल्यात २००० साली आणि जर्मनीतल्या एका डॉक्टरच्या खटल्यात २००३ साली युरोपीय न्यायालयाने सांगितलं की रुग्णालयात थांबून दिलेला कॉल, मधे झोप मिळाली तरी, पूर्णपणे कामाचा वेळ आहे. घरून दिलेल्या कॉलला मात्र त्यांनी तेव्हा तसं मानलं नाही. पुढे २०१८ मध्ये बेल्जियममधल्या एका अग्निशमन जवानाचं प्रकरण आलं. त्याला घरून आठ मिनिटांत पोहोचायचं बंधन होतं. ज्या बंधनामुळे माणसाला स्वतःचं काही करताच येत नाही, ते घरी बसून पाळलं तरी काम ठरतं, असा निकाल लागला. तुमच्या रुग्णालयाला हे निकाल लागू नाहीत. पण तुम्हाला जे जाणवतंय ते नाजूकपणा नाही, एवढं यातून नक्की कळतं.

आपल्याकडचे नियम तुमच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. रेसिडेंट डॉक्टरांसाठी केंद्र सरकारने १९९२ सालीच निर्देश काढले होते की सलग १२ तासांहून जास्त ड्युटी सामान्यतः नको आणि आठवड्याला ४८ तास पुरेत. ते किती पाळले गेले हे तुम्हाला-मला ठाऊक आहे. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने आठवड्याला ७४ तास आणि सलग २४ तास या मर्यादा सुचवल्या. कोलकात्याच्या त्या तरुण डॉक्टरच्या हत्येनंतर, ऑगस्ट २०२४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानेही ३६-३६ तासांच्या ड्युट्यांना अमानुष म्हटलं. पण हे सगळं शिकणाऱ्या डॉक्टरांसाठी. ४१ वर्षांचा, 'कन्सल्टंट' म्हणून करारावर असलेला सर्जन या कागदांत कुठेच नाही. त्याने स्वतःच मागितलं नाही तर त्याच्यासाठी दुसरं कोणी मागणार नाही, आणि आपल्या पेशात असं मागणं कोणी शिकवलेलं नसतं.

आता तुमच्या सरांचं वाक्य. ते त्यांनी प्रेमाने म्हटलं असणार, मी त्या पिढीला जवळून ओळखते. पण त्या रात्री कशा असत हेही मी पाहिलं आहे. वैद्यकीय महाविद्यालयात सरांचं युनिट असे. पोट उघडायला रजिस्ट्रार, बंद करायला हाऊसमन (दोघेही शिकणारे डॉक्टर), नातेवाइकांशी बोलायला लेक्चरर. सर मुख्य भागासाठी यायचे आणि सकाळचा राउंड मुलांनी केलेला असायचा. युनिटचा इमर्जन्सीचा वार ठरलेला असे, म्हणजे बाकीच्या रात्री दुसऱ्या युनिटच्या असत. घरी लँडलाइन होती, ती वाजली तर खरंच काहीतरी मोठं घडलेलं असे. आणि मुलांचा अभ्यास, आईवडिलांची आजारपणं, पाहुणेरावळे हे सगळं सरांच्या पत्नीच्या, म्हणजे बाईंच्या, अंगावर होतं. त्या रात्री सरांनी मोजल्या नाहीत, बाईंनी मोजल्या असतील. तुमच्याकडे ना रजिस्ट्रार ना हाऊसमन. तुम्हीच उघडता, तुम्हीच बंद करता, नोट्स लिहिता, नातेवाइकांना समजावता, महात्मा फुले योजनेचे कागद बघता आणि घरी पोहोचेपर्यंत मोबाइलवर ड्रेनचा (ऑपरेशननंतर आत ठेवलेल्या नळीचा) फोटो आलेला असतो. सर्जन कमी पडतोय की सर्जनभोवतीची माणसं कमी झाली आहेत, हे नीट पाहा.

गाडीबद्दल मी कुठलीही भीड न ठेवता बोलणार आहे. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हात आणि डोळ्यांच्या समन्वयाची चाचणी घेतली. सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी उतरली होती, आणि चोवीस तासांनंतर ती ०.१० टक्क्यांच्या पातळीवर गेली. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. सकाळी सातला उठून दुसऱ्या पहाटे पाचला तुम्ही चावी फिरवता तेव्हा तुमची अवस्था त्या मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलेली असते, फक्त तोंडाला वास येत नाही. म्हणून हे एक काम आजपासून करा, त्यासाठी कुठल्याही बैठकीची वाट पाहू नका. मध्यरात्रीनंतर ऑपरेशन झालं तर रुग्णालयातच दोन-तीन तास झोपायचं, नाहीतर अँब्युलन्सच्या चालकाने किंवा रिक्षाने घरी सोडायचं. खोली नसेल तर प्रायव्हेट वॉर्डातली रिकामी खोली मागा. वहिनींना आजच सांगा की यापुढे पहाटे गाडी मी चालवणार नाही. त्यांच्या "आता पुरे"मधला निम्मा भाग ही भीती असणार.

थकलेल्या सर्जनचा पेशंटवर परिणाम होतो का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात ते असणारच. याबद्दलचा पुरावा सरळ एका बाजूचा नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात २०१५ साली सुमारे ३९,००० पेशंटचा अभ्यास झाला. मध्यरात्रीनंतर काम केलेल्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी केलेली ठरलेली ऑपरेशनं आणि त्याच डॉक्टरांची एरवीची ऑपरेशनं यांच्या निकालात फरक आढळला नाही. त्याआधी २००९ मध्ये बोस्टनमधल्या एका अभ्यासात मात्र, ज्यांना आदल्या रात्री सहा तासांपेक्षा कमी झोपेची संधी मिळाली त्यांच्या हातून जास्त गुंतागुंती झालेल्या दिसल्या. मला वाटतं, अनुभवी सर्जन स्वतःला सांभाळून घेतो. एखादी अवघड केस पुढे ढकलतो, सहकाऱ्याला हात मागतो, वेग कमी करतो. पण हे सांभाळून घेण्यासाठी त्याच्या हाती काहीतरी असावं लागतं. यादी पुढे ढकलण्याची मुभाच नसेल तर तो सगळा ताण स्वतःच्या अंगातून काढतो. अकरा वाजता सिस्टरवर खेकसणारा सर्जन मी म्हटला तो हाच.

नुसते तास कमी केल्याने समाधान वाढतं असंही नाही. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात १९८४ साली एका अठरा वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. त्यावरून उठलेल्या वादातून रेसिडेंट डॉक्टरांचे तास मोजले जाऊ लागले आणि २००३ पासून देशभर आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली. पुढे ११७ सर्जरी प्रशिक्षण केंद्रांमध्ये मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. निम्म्या केंद्रांत सलग ड्युटीचे आणि मधल्या विश्रांतीचे नियम काटेकोर पाळले, निम्म्यांत ते सैल ठेवले. पेशंटच्या निकालात फरक नव्हता, आणि डॉक्टरांच्या एकूण समाधानातही ठळक फरक नव्हता. सैल नियमांतल्या मुलांना ऑपरेशन अर्धवट सोडून जावं लागत नव्हतं, याचं त्यांना बरं वाटलं. घरच्या आयुष्यावर मात्र ताण येतो, असंही त्यांनीच सांगितलं. दोन्ही भावना खऱ्या आहेत, तुमच्याही पत्रात दोन्ही आहेत. पिळाच्या आतड्याची ती केस अर्ध्यावर दुसऱ्याच्या हाती देऊन तुम्ही घरी गेला असता तर तुम्हाला चैन पडलं नसतं. म्हणून मी "कमी काम करा" असं म्हणणार नाही. तुमच्या रात्रीला सुरुवात आणि शेवट असायला हवा, एवढंच म्हणते.

हे तुमच्या रुग्णालयात कसं घडेल?

आधी तीन आठवडे एक वही ठेवा. प्रत्येक फोनची वेळ, कशासाठी आला, जावं लागलं का, आणि हा फोन दुसऱ्या कोणाला घेता आला असता का. एवढंच, पण त्या त्या वेळी लिहा, आठवून नको. माझा अंदाज असा की निम्म्याहून जास्त फोन ऑपरेशनशी संबंधित नसतील. ताप आला, सलाईन लागत नाही, नातेवाईक विचारतायत, ड्रेनमध्ये लाल दिसतंय. हे फोन आरएमओ (रात्री वॉर्ड सांभाळणारे डॉक्टर) घाबरून करतात. छोट्या रुग्णालयात ते बहुतेक वेळा बीएएमएस किंवा बीएचएमएस झालेली तरुण मुलं असतात. पोट उघडलेला पेशंट कसा बघायचा हे त्यांना कोणी शिकवलेलं नसतं, आणि मागे कधीतरी फोन न केल्याबद्दल बोलणी खाल्लेली असतात. प्रत्येक ऑपरेशननंतर केसपेपरवर चार ओळी लिहून ठेवा. नाडी किती झाली तर, लघवी किती कमी झाली तर, ड्रेनमध्ये किती आणि कसं आलं तर फोन करायचा, आणि त्याखाली काय झालं तर स्वतः काय द्यायचं. आठवड्यातून एकदा त्या मुलांबरोबर अर्धा तास बसा. याचा परिणाम महिन्याभरात दिसतो, आणि पैसे लागत नाहीत.

त्याहून अवघड आहे ते "माझा पेशंट" सोडणं. कॉल नसतानाही फोन तुम्हालाच येतात याचं एक कारण तुम्ही स्वतः आहात, हे मी आपुलकीने म्हणते. त्यात काळजी आहे, तसा पैशाचा आणि नावाचा प्रश्नही आहे. सहकाऱ्याने रात्री तुमच्या पेशंटचं पोट पुन्हा उघडलं तर फी कोणाची, नातेवाईक नंतर कोणाकडे जाणार, काही बिघडलं तर बोल कोणाला? खासगी आणि ट्रस्टच्या रुग्णालयांत हे प्रश्न कोणी उघडपणे बोलत नाही, म्हणून जो तो आपला पेशंट कवटाळून जागतो. तिघे-चौघे बसून हे लिहून काढा. कॉलवरचा सर्जन रात्रीपुरता सगळ्यांचा सर्जन. पुन्हा उघडावं लागलं तर फी कशी वाटायची ते आधीच ठरलेलं. संध्याकाळी सातला पाच मिनिटांचा फोन, कोण नाजूक आहे ते सांगायला. आणि ऑपरेशनच्या आधीच पेशंटला सांगायचं की रात्री आमच्यातले जे असतील ते बघतील. आधी सांगितलं तर लोक समजून घेतात. त्यांना राग येतो तो रात्री अनोळखी चेहरा अचानक समोर उभा राहिला की.

ज्येष्ठ सरांचा प्रश्न तुम्ही मनात ठेवलाय आणि तो कुजतोय. साठीनंतर जागरण भरून यायला जास्त वेळ लागतो, त्यामुळे त्यांनी रात्री न येणं मला गैर वाटत नाही. खुपतंय ते हे की कधी ठरलं नाही, कोणी विचारलं नाही, आणि बदल्यात काही आलं नाही. त्यांना वाईट ठरवू नका, त्यांच्याकडे एक काम मागा. रात्री ज्याने ऑपरेशन केलं त्याची सकाळची ओपीडी आणि राउंड सरांनी घ्यावा. दिवसाच्या इमर्जन्सी पहिल्यांदा त्यांच्याकडे जाव्यात. "सर, तुमच्यामुळे आम्हाला सकाळी झोपता येईल" हे वाक्य ऐकायला कोणत्याही ज्येष्ठाला आवडेल. तुमच्या तक्त्यात रात्रीनंतरच्या सकाळसाठी माणूस नाही, ही जी अडचण आहे, ती याच एका बदलाने सुटते.

कॉलचे वार ठरवून घ्या, वैद्यकीय महाविद्यालयात इमर्जन्सीचा वार असे तसे. तुमची रात्र सोमवारची असेल तर मंगळवारी तुमच्या नावावर ठरलेली ऑपरेशनं लावायचीच नाहीत. म्हणजे आदल्या रात्री काही आलं नाही तरी कोणाचं नुकसान नाही, आणि आलं तर पेशंटला पुढची तारीख द्यावी लागत नाही. शनिवार-रविवार तुकड्यांत वाटण्यापेक्षा शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ एकाकडे ठेवून त्याला सोमवारी सुट्टी द्यावी, असं माझं मत आहे. त्यामुळे तीनपैकी दोन शनिवार-रविवार खरोखर मोकळे मिळतात. मात्र वहीत शनिवारी-रविवारी रोज दोन-दोन ऑपरेशनं दिसली तर हे चालणार नाही, मग शनिवार आणि रविवार वेगळे करा. अदलाबदल करायची तर आपसात करा, पण ती ऑपरेटरच्या टेबलावरच्या तक्त्यावर त्याच दिवशी लिहा.

रात्री काय करायचं आणि काय सकाळपर्यंत थांबू शकतं, याचीही चर्चा होऊ द्या. न फुटलेल्या अपेंडिक्सबद्दल २०२३ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या, फिनलंड आणि नॉर्वेमध्ये केलेल्या चाचणीत आठ तासांच्या आत आणि चोवीस तासांच्या आत ऑपरेशन यांची तुलना होती. थांबल्याने अपेंडिक्स फुटण्याचं प्रमाण वाढलं नाही. म्हणजे रात्री बाराला आलेलं, स्कॅनवर साधं दिसणारं अपेंडिक्स सकाळच्या यादीत पहिलं घेता येतं. अडकलेला हर्निया, पर्फोरेशन, पीळ पडलेला वृषण यांना असं थांबवता येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. पण सगळंच रात्री उरकायचं ही सवय कधीकधी पेशंटच्या गरजेतून आलेली नसते. सकाळी ओटी (ऑपरेशन थिएटर) मोकळी मिळणार नाही, या धास्तीतून ती आलेली असते. सकाळचा पहिला तास इमर्जन्सीसाठी राखून ठेवा, धास्ती कमी होईल. आणि हे ठरवताना भूलतज्ज्ञाला बोलवा, ही माझी आग्रहाची विनंती. तुमच्या गावात दोन किंवा तीन भूलतज्ज्ञ असतील आणि ते पाच-सहा रुग्णालयांना पुरत असतील. सर्जनने दर तिसरी रात्र वाटून घेतली आणि भूल देणारा, ओटीतली सिस्टर आणि मामा (वॉर्डबॉय) मात्र रोजच जागे, तर तो तक्ता न्यायाचा नाही आणि टिकणारही नाही.

राहिला पैसा. कॉलवर थांबण्यासाठी रात्रीला ठरावीक रक्कम मागा, फोन येवो न येवो. ती मोठी नसली तरी चालेल. ती मिळू लागली की रुग्णालय तुमच्या रात्रीला किंमत आहे हे मान्य करतं, आणि जे रात्री येत नाहीत ते ती घेत नाहीत, म्हणून आपसातली कुरकुरही थांबते. विश्वस्तांपुढे जाताना तक्रार घेऊन जाऊ नका. वही, नवा तक्ता आणि एक प्रश्न घेऊन जा, तोही तिघांनी मिळून: "आमच्यातला एक गेला तर दर दुसरी रात्र येईल आणि मग दुसराही जाईल. जिल्ह्याच्या गावी नवा सर्जन आणायला तुम्हाला किती महिने लागतील?" हा हिशेब विश्वस्तांना लगेच कळतो.

विम्याच्या नोकरीकडे मी खालच्या नजरेने पाहत नाही. दाव्याच्या कागदामागचा पेशंट दिसणारा सर्जन तिथे बसला तर अनेकांचं भलं होईल. पण तिकडे जाताना एक गोष्ट डोळे उघडे ठेवून स्वीकारा. दोन-तीन वर्षं चाकू हातात धरला नाही तर परतणं कठीण होतं, हाताने आणि मनानेही. पुण्यात फक्त ठरलेली ऑपरेशनं करायची हा तिसरा पर्याय तुम्ही लिहिलेलाच नाही. तिथे स्पर्धा आहे, जम बसायला वर्षं लागतील, पण सर्जरी सुटत नाही. माझ्या मते तुमच्यासाठी आजचा क्रम असा: इथला तक्ता बदलून पाहणं, नाही जमलं तर दुसरं रुग्णालय, आणि सर्वांत शेवटी सर्जरी सोडणं.

हा क्रम चुकीचा ठरू शकतो, आणि ते तपासायचा एक मार्ग आहे. सलग आठ-दहा दिवस रजा घ्या, गावाबाहेर जा, फोन सहकाऱ्याकडे वळवा. झोप भरून निघाल्यावर, रजेच्या शेवटी ओटीची आठवण येते का ते पाहा. आली तर माझं निदान बरोबर. पूर्ण झोप होऊनही हात धुण्याच्या नुसत्या कल्पनेने पोटात गोळा येत असेल, कॉल नसलेल्या रात्रीही झोप लागत नसेल, झोपेसाठी दारू किंवा गोळी लागत असेल, किंवा ती गाडी दुभाजकाला घासली तेव्हा "झालं असतं तर सुटलो असतो" असं क्षणभरही वाटलं असेल, तर हा तक्त्याचा प्रश्न राहत नाही. मग मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, आपल्या गावात संकोच वाटत असेल तर दुसऱ्या गावातल्या. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं. डॉक्टर स्वतःसाठी हा फोन शेवटी करतात, तुम्ही आधी करा.

हे सदर वाचणाऱ्या रेसिडेंट मुलामुलींसाठी थोडंसं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर शिक्षण नियमावलीत आठवड्याची सुट्टी आणि वर्षाला किमान वीस दिवसांची पगारी रजा लिहिलेली आहे. एकट्याने विभागप्रमुखांसमोर उभं राहू नका. ड्युटी लिस्टच्या प्रती जपून ठेवा आणि मार्ड या रेसिडेंट डॉक्टरांच्या संघटनेच्या प्रतिनिधीमार्फत अधिष्ठात्यांकडे लेखी द्या. आणि ज्या डॉक्टर स्त्रीरोग विभागात आहेत, त्यांना वर लिहिलेलं सगळं तितकंच लागू आहे. प्रसूती सकाळपर्यंत थांबत नाही, म्हणून रात्रीनंतरची सकाळ मोकळी असणं त्यांच्यासाठी जास्तच गरजेचं.

डॉक्टर, कंपनीला तीन आठवड्यांऐवजी दोन महिन्यांची मुदत मागा. ज्यांना अनुभवी सर्जन हवाय ते बहुधा देतील. नाही दिली तर तीन आठवड्यांची वही तरी हातात असेल, आणि निर्णय त्या पहाटेच्या धक्क्यातून होणार नाही. वहिनींबरोबर ती वाचा, कारण त्यातल्या कितीतरी फोनना त्याही जाग्या झालेल्या आहेत. विश्वस्तांनी ऐकलं नाही आणि दुसरं रुग्णालय बघायला निघालात, तर पगाराआधी मागच्या तीन महिन्यांची ड्युटी लिस्ट मागा, ठरलेली नव्हे तर प्रत्यक्ष झालेली. आणि तिथल्या सर्वांत तरुण सर्जनला एकट्याला गाठून विचारा की रात्री ऑपरेशन झालं तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो कुठे असतो.